अरण्यांतील वाटसरूचा नकाशा

नकाशा म्हटला म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें वर्गाच्या भिंतीवर टांगलेली रंगीत गुंडाळी उभी राहते. पालकांच्या डोळ्यांपुढें बहुधा मोबाइलचा पडदा येत असेल. कारण हल्लीं परगांवीं जावयाचें झालें कीं वाट विचारण्याचें काम माणसापेक्षां मोबाइललाच अधिक सांगितलें जातें. परंतु आपल्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत हिंडणाऱ्यास एक गोष्ट अनुभवानें ठाऊक आहे. आलापल्ली सोडून भामरागडच्या दिशेनें निघावें, दुतर्फा सागाची दाटी व्हावी, आणि पडद्यावरील रस्ते, नद्या, गांवें हीं सर्व नाहींशीं होऊन एक कोरी करडी पाटी तेवढी उरावी, असें पुष्कळदां घडतें. त्या पाटीवर एक निळा ठिपका मात्र तसाच पुढें सरकत असतो. मनुष्य कोठें आहे हें यंत्रास कळत आहे; पण तें ठिकाण म्हणजे काय, पुढें नाला आहे कीं गांव आहे, हें त्यास सांगतां येत नाहीं.

याचें कारण असें कीं, ठिपका व नकाशा या दोन गोष्टी दोन निरनिराळ्या वाटांनीं येतात. ठिपक्याचें स्थान आकाशांत फिरणाऱ्या उपग्रहांच्या संदेशांवरून मोबाइल स्वतःच मोजून काढतो. त्यास टॉवरची आवश्यकता नाहीं; टॉवर असला तर पहिलें मोजमाप लवकर होतें, इतकेंच. नकाशा मात्र कोठें तरी दूर ठेविलेल्या संगणकांतून इंटरनेटच्या द्वारें क्षणोक्षणीं मागवावा लागतो. टॉवर संपला कीं मागणी पोहोंचत नाहीं व नकाशा येत नाहीं. अर्थात् उपाय उघड आहे. घरून निघतांना जशी भाकरी बांधून घ्यावी तसा नकाशाही बांधून घ्यावा. परंतु भाकरी फडक्यांत बांधतां येते. दोन जिल्ह्यांची नद्या-नाल्यांसह सर्व माहिती लहानशा यंत्रांत कशी बांधावी, व बांधतांना तींतून काय गळूं देऊं नये, हें समजून घेणें हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, नकाशाचे तुकडे करून ते नेण्याची कल्पना नवी नाहीं. आपल्या देशांतील भूमापन खातें, ज्यास सर्व्हे ऑफ इंडिया म्हणतात, तें १७६७ सालीं स्थापन झालें. पुढें १८०२ सालीं विल्यम लॅम्बटन यानें मद्रासजवळ एक पायारेषा मोजून त्रिकोणांच्या साखळीनें सारा देश मोजण्याचें प्रचंड काम आरंभिलें. ही साखळी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असतां १८२३ च्या जानेवारींत लॅम्बटन याचा अंत झाला, तो आपल्या शेजारच्याच वर्धा जिल्ह्यांत, हिंगणघाट येथें. त्याचें काम जॉर्ज एव्हरेस्ट यानें पुढें चालविलें. या मोजणीवर उभारलेले नकाशे खात्यानें एकाच अजस्र कागदावर छापले नाहींत. अक्षांश व रेखांश यांच्या एकेक अंशाचा चौकोन घेऊन त्याचे सोळा भाग केले, व प्रत्येक भागाचा एक कागद केला. एक सेंटिमीटरास अर्धा किलोमीटर या प्रमाणाचे जे कागद आहेत, ते असेच पंधरा कलांचे चौकोन होत. रानांत जाणारा अधिकारी सारा हिंदुस्थान खांद्यावर घेत नसे. त्यास लागतील तेवढेच दोन-चार कागद तो घेई. मोबाइलवरील नकाशाचे तुकडे याच बुद्धीनें केलेले आहेत. त्यांस इंग्रजी नांव टाइल असें पडलें आहे. जमिनीवर फरशा जशा एकीस एक भिडवून बसवितात तशा या टाइल पडद्यावर बसतात, म्हणून हें नांव शोभतें.

आतां या फरशीवर काय असतें तें पाहूं. नकाशाची माहिती ठेवण्याच्या दोन रीति आहेत. एक चित्राची, दुसरी सांगण्याची. आमच्या विद्यार्थिनींस दिवाळींतील ठिपक्यांच्या रांगोळीवरून हा भेद चटकन् समजेल. काढलेल्या रांगोळीचें छायाचित्र घेऊन मैत्रिणीस पाठविलें तर ती पहिली रीत झाली. त्यांत रांगोळी दिसते खरी, पण चित्र मोठें करूं लागावें तों रेषा अस्पष्ट होतात. याच्या उलट, “सात ठिपके सात ओळी, पहिल्या ओळीचा तिसरा ठिपका दुसरीच्या चौथ्यास जोड,” असें लिहून पाठविलें तर ती दुसरी रीत झाली. हा मजकूर चित्राहून पुष्कळ आटोपशीर असतो, आणि मैत्रीण तीच रांगोळी पाटावर काढो कीं सबंध अंगणांत काढो, रेषा तितकीच रेखीव येते. पहिल्या रीतीस रास्टर व दुसरीस व्हेक्टर म्हणतात.

व्हेक्टर माहितींत पृथ्वीवरील सर्व वस्तूंचे तीनच प्रकार मानितात. विहीर, शाळा, टोला हा बिंदु; रस्ता, पायवाट, पर्लकोटा नदी ही रेषा; आणि ताडोब्याचा तलाव किंवा एखाद्या ग्रामसभेचें वन हें क्षेत्र. बिंदूस अक्षांश-रेखांशांची एक जोडी लागते. रेषा म्हणजे अशा जोड्यांची माळ, आणि माळेचीं दोन्ही टोकें जुळविलीं कीं क्षेत्र झालें. प्रत्येक वस्तूबरोबर तिचे गुणधर्म लिहिलेले असतात: नांव काय, रस्ता डांबरी कीं मातीचा, विहिरीस उन्हाळ्यांत पाणी असतें कीं नाहीं. छायाचित्रास विहिरीचें पाणी विचारतां येत नाहीं. व्हेक्टर नकाशास विचारतां येतें.

मग दोन्ही जिल्ह्यांची ही माहिती एका फाइलींत घालून मोबाइलांत टाकिली तर काम भागत नाहीं काय? भागत नाहीं. तलाठ्याच्या दप्तरांतून एका शेताचा सातबारा काढावयाचा असतां जर साऱ्या तालुक्याचे कागद एकाच गठ्ठ्यांत, कोणत्याही क्रमावांचून बांधलेले असतील तर सबंध गठ्ठा उलगडावा लागेल. दप्तर गांववार लाविलेलें असतें म्हणून काम चालतें. त्याचप्रमाणें सिरोंचा तालुक्यांत उभ्या असलेल्या माणसाकरितां यंत्रानें कोरचीचे नाले वाचीत बसूं नये, यासाठीं माहिती जागेप्रमाणें लाविलेली पाहिजे. टाइल ही अशी लावणी आहे.

या लावणीचें गणित सोपें आहे. सर्व पृथ्वी एका चौरसांत काढावी. ही शून्य क्रमांकाची पायरी. पुढील पायरीवर त्या चौरसाचे चार चौरस करावे, त्यापुढें प्रत्येकाचे पुन्हां चार. याप्रमाणें दर पायरीस संख्या चौपट होते. चौदाव्या पायरीवर साऱ्या जगाच्या २६,८४,३५,४५६ टाइल होतात. आपल्या अक्षांशावर त्या पायरीच्या एका टाइलची बाजू सुमारें २.३ किलोमीटर भरते. गडचिरोली जिल्ह्याचें क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर व चंद्रपूरचें ११,४४३. तेव्हां दोन्ही जिल्हे मिळून सुमारें पांच हजार टाइलांत बसतात. कडेच्या अर्ध्यामुर्ध्या टाइल धरल्या तर थोड्या अधिक.

रास्टर व व्हेक्टर यांतील भेदाचें मोल येथें कळतें. रास्टर चित्रांत पायवाट स्पष्ट दिसावी म्हणून सोळाव्या पायरीपर्यंत जावें लागलें, तर पांच हजारांच्या सोळापट, म्हणजे ऐंशी हजार टाइल होतात. एका चित्रास सरासरी पंधरा किलोबाइट जागा धरिली तरी ही एकच पायरी सव्वा गिगाबाइटाच्या जवळ जाते. व्हेक्टर टाइल चौदाव्या पायरीवर थांबवितां येते. पुढें पडदा कितीही मोठा केला तरी यंत्र त्याच मजकुरावरून रेषा नव्यानें ओढतें, आणि साध्या मोबाइलांतही जागा पुरते.

प्रत्येक टाइलला पत्ता असतो: पायरी, रकाना व ओळ. रकाने पश्चिमेकडून पूर्वेकडे व ओळी उत्तरेकडून दक्षिणेकडे, शून्यापासून मोजितात. गडचिरोली शहर दहाव्या पायरीवर ७३९ व्या रकान्यांत व ४५३ व्या ओळींत येतें. तेथून पूर्वेस धानोऱ्याकडे गेलें कीं रकाना ७४० लागतो. परंतु टाइल सांठविण्याची जी एक सर्वत्र रूढ झालेली फाइल आहे, जीस एमबीटाइल्स म्हणतात, तींत ओळी तळापासून, म्हणजे दक्षिणेकडून मोजण्याचा प्रघात आहे. दहाव्या पायरीस ओळी १०२४. म्हणून तीच ४५३ वी ओळ तेथें ५७० वी होते. नव्यानें काम करणाऱ्यांचा नकाशा उलटासुलटा किंवा अगदीं कोरा दिसतो, त्याचें कारण अनेकदां हेंच असतें.

आतां प्रत्यक्ष कृति कशी चालते तें क्रमानें सांगतों.

पहिली पायरी माहिती मिळविण्याची. ओपनस्ट्रीटमॅप या नांवाचा एक खुला जागतिक नकाशा २००४ सालीं इंग्लंडांत सुरू झाला. जगभरचे स्वयंसेवक तो भरीत असतात. त्यांतील माहिती, मूळाचें नांव नमूद करण्याच्या व तीवरून केलेली माहितीही तशीच खुली ठेवण्याच्या अटीवर, कोणासही घेतां येते. ज्यांस केवळ वाट पाहावयाची आहे त्यांनीं एवढेंही करण्याचें कारण नाहीं. ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स यांसारखे कार्यक्रम याच माहितीचे बांधून ठेविलेले नकाशे देतात. ते नेटवर्क असतांना एकदां उतरून घ्यावे. परंतु आपल्या गांवच्या विहिरी, नाल्याचे उतार, वनाची सीमा हीं त्यांत नसलीं तर तीं आपणच चालून मोजावीं लागतात. क्यूजीआयएस हा फुकट मिळणारा संगणकीय कार्यक्रम व त्याचें मोबाइलवरील भावंड क्यूफील्ड यांच्या साह्यानें हें काम नेटवर्कशिवाय करतां येतें.

दुसरी पायरी शुद्धीची, आणि हिची उपेक्षा फार होते. एव्हरेस्टच्या मोजणीवरून १८३० सालीं पृथ्वीच्या आकाराचें जें माप ठरविलें गेलें, त्यावर हिंदुस्थानचे जुने नकाशे बेतलेले आहेत. उपग्रहांचें मोजमाप १९८४ च्या निराळ्या मापावर चालतें. म्हणून जुन्या कागदावरून उतरून घेतलेले अक्षांश-रेखांश तसेच वापरले तर आपल्या भागांत वस्तु शंभर मीटरांहून अधिक सरकते. नाल्याच्या अलीकडची विहीर पलीकडे जाते. यासाठीं जुनें माप नव्यांत बदलून मगच पुढें जावें. तसेंच शेपफाइल या जुन्या प्रकारांत रकान्याच्या नांवास दहाच अक्षरांची मर्यादा असते, आणि अक्षरसंकेत नीट न नोंदविल्यास देवनागरी नांवांच्या जागीं प्रश्नचिन्हें उमटतात. माहिती जिओजेसन या साध्या मजकुराच्या प्रकारांत घेऊन एकदां डोळ्यांखालून घालणें हा उत्तम उपाय होय.

तिसरी पायरी कापण्याची. टिपेकनू नांवाचा एक कार्यक्रम या कामीं प्रसिद्ध आहे. तो प्रत्येक रेषा टाइलच्या कडेवर कापतो. पण अगदीं कांठावर न कापतां शिवणीसाठीं शिंपी जसा थोडा जास्त कपडा सोडतो तसा थोडा पदर सोडतो, म्हणजे जोडावर रस्ता तुटलेला दिसत नाहीं. मग टाइलच्या आंत ४,०९६ बाय ४,०९६ घरांची सूक्ष्म जाळी कल्पून प्रत्येक बिंदु जवळच्या घरांत बसवितो. लांबलचक दशांश अपूर्णांकांऐवजीं लहान पूर्णांक आल्यामुळें जागा वांचते. चौदाव्या पायरीवर असें एक घर सुमारें अर्ध्या मीटराचें असतें; दहाव्यावर तेंच नऊ मीटरांचें होतें. शेवटीं सर्व टाइल दाबून, पत्त्यासह एका फाइलींत भरतो. एमबीटाइल्सची फाइल म्हणजे एक लहानसें कोष्टकच असून त्यांत पायरी, रकाना, ओळ व टाइलचा मजकूर असे चार स्तंभ असतात. पीएमटाइल्स हा त्याहून नवा प्रकारही आतां प्रचारांत आहे.

येथवर सर्व यंत्राचें काम झालें. आतां जी गोष्ट सांगण्याकरितां आम्ही हा लेख लिहीत आहों ती अशी कीं, कापणारें यंत्र केवळ कापीत नाहीं, तें गाळीतही असतें. आणि काय गाळावें हें आपण न सांगितल्यास तें आपल्या समजुतीनें ठरवितें.

गाळणें अवश्यच आहे. चौदाव्या पायरीवर जें सुटसुटीत दिसतें तें सर्व दहाव्या पायरीच्या एकाच टाइलींत कोंबलें तर पडद्यावर मुंग्यांचें वारूळ दिसेल. म्हणून टिपेकनूचा नियम असा आहे कीं, वेगळें कांहीं सांगितलें नसेल तर दर पायरी उतरतांना बिंदूंची संख्या अडीचाव्या हिश्श्यावर आणावी. या नियमाचा हिशेब करून पाहा. चौदाव्या पायरीवर शंभर टोले असले तर तेराव्यावर चाळीस उरतात, बाराव्यावर सोळा, अकराव्यावर सहा आणि दहाव्यावर जेमतेम दोन-तीन. कोणता टोला राहावा व कोणता जावा, हें ठरवितांना तेथें माणसें किती राहतात, पावसाळ्यांत तेथें पोहोंचणें कठीण आहे काय, हें यंत्र पाहत नाहीं. त्यास तें ठाऊकच नसतें. तें बिंदु सारख्या अंतरानें विरळ करतें, इतकेंच.

शहरांतील चहाच्या टपऱ्या याप्रमाणें विरळ झाल्या तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. आपल्याकडील गोष्ट निराळी आहे. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग अरण्यानें व्यापलेला, वस्ती विखुरलेली, आणि दहा-वीस घरांचे टोले मूळ गांवापासून दूर. भामरागड येथें इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटेस पूर आल्यामुळें त्या बाजूचा संपर्क तुटल्याच्या वार्ता अनेक पावसाळ्यांत आपण वाचल्या आहेत. अशा वेळीं लस घेऊन निघालेली परिचारिका, किंवा निवडणुकीची पेटी घेऊन निघालेला शिक्षक, सकाळीं नकाशा उघडून दिवसाची वाट आंखतो, तेव्हां तो चौदावी पायरी पाहत नाहीं; सर्व प्रदेश एका दृष्टिक्षेपांत यावा म्हणून तो दहावी किंवा अकरावी पाहतो. तेथें जो टोला गळला तो त्याच्या दिवसांतूनच गळला. नकाशा खोटें बोलला असें म्हणतां येत नाहीं, कारण अधिक जवळ जाऊन पाहिलें असतें तर टोला दिसला असता. परंतु जेथें कांहीं आहे असें ठाऊकच नाहीं, तेथें जवळ जाऊन पाहावें असें कोणास सुचणार?

यावर इलाज आहे व तो कठीण नाहीं. टोल्यांची माहिती इतरांहून वेगळ्या थरांत ठेवून त्या थरापुरतें गळतीचें प्रमाण अडीचाऐवजीं एक असें लिहून दिलें कीं एकही टोला गळत नाहीं. प्रत्येक वस्तूच्या नोंदींत ती कोणत्या पायरीपासून दिसावी हेंही लिहितां येतें. मग जागेची काटकसर अन्यत्र करावी: शहरांतील सुट्या इमारती, दुकानें, शेतांच्या कडा यांस वरच्या पायऱ्यांवर रजा द्यावी. पावसाळ्यांत बंद पडणाऱ्या नाल्याच्या उतारास “आठमाही” असा गुणधर्म लावून त्यास आरंभींच्या पायऱ्यांपासून जागा द्यावी. तात्पर्य, कोणास आधीं स्थान द्यावें याची यादी माणसानें करावी व कापण्याचें काम यंत्रानें करावें.

रेषांच्या बाबतींतही अशीच काळजी लागते. वळणावळणाची सीमा वरच्या पायरीवर सोपी करितात. तिची रीत डग्लस व प्युकर या दोन संशोधकांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केली: रेषेच्या दोन टोकांमध्यें जणूं ताणलेला दोरा धरावा, त्यापासून सर्वांत दूरचें वळण तेवढें राखावें, आणि दोऱ्याच्या अगदीं जवळचीं वळणें सोडून द्यावीं. नदी काढण्यास ही रीत नामी आहे. परंतु शेजारच्या दोन गांवांच्या सीमा निरनिराळ्या सोप्या केल्या तर त्यांच्यामध्यें जमिनीवर कोठेंही नसलेला पट्टा निर्माण होतो, किंवा एकाची जागा दुसऱ्यावर चढते. सामाईक सीमा एकदांच सोपी करण्याची सोय या कार्यक्रमांत आहे, ती वापरावी.

सीमेचा प्रश्न आपल्याकडे केवळ चित्राचा नव्हे. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील पहिल्या गांवांत त्याची गणना होते. पुढें जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभांस असे हक्क मिळाले. अशा सीमेची चालून घेतलेली मूळ नोंद ही दप्तरांत जपून ठेवण्याची वस्तु आहे. टाइल ही त्या नोंदीची वाटेवर नेण्यासाठीं केलेली नक्कल होय. दहाव्या पायरीवर जी रेषा नऊ मीटरांच्या घरांत बसविली आहे, तिच्यावरून कोणाचा बांबू कोणत्या बाजूस, हा वाद सोडवूं नये. टाइलवरून मूळ नोंद पुन्हां तंतोतंत बनवितां येत नाहीं. जेवढें गळलें तेवढें गेलेंच.

नांवांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. व्हेक्टर टाइलींत नांव हें चित्र नसून अक्षरें असतात. म्हणून तीं काढण्यास लागणारा टंक, म्हणजे अक्षरांचे ठसे, हाही फाइलीबरोबर मोबाइलांत न्यावा लागतो. तो इंटरनेटवर राहिला तर अरण्यांत रस्ते दिसतील पण त्यांस नांवें नसतील. दुसरें असें कीं, कांहीं कार्यक्रमांस देवनागरी अक्षरें जुळवितां येत नाहींत. “गडचिरोली” यांतील ऱ्हस्व इकार “च”च्या पुढें जाऊन बसतो, आणि “चामोर्शी”तील रफार विलग होतो. तेव्हां काम पुरें झालें असें म्हणण्यापूर्वीं “ब्रह्मपुरी”, “एटापल्ली”, “गडचिरोली” हीं तीन नांवें पडद्यावर नीट उमटतात कीं नाहीं, हें पाहून घ्यावें. तिसरें, आपल्या दोन जिल्ह्यांत मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगु, छत्तीसगढी व बंगाली या भाषाही नांदतात. एकाच नाल्यास खालच्या गांवांत एक व वरच्या टोल्यांत दुसरें नांव असतें. दोन्ही नांवें वेगवेगळ्या रकान्यांत लिहिण्यास यंत्राची कांहीं हरकत नसते. विचारण्याचे कष्ट तेवढे माणसास घ्यावे लागतात.

बांधून नेलेल्या भाकरीप्रमाणें बांधून नेलेला नकाशाही शिळा होतो. गडचिरोली हा जिल्हाच १९८२ सालच्या ऑगस्टच्या २६ तारखेस चांद्याच्या जुन्या जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्यापूर्वींच्या नकाशावर तो सांपडणार नाहीं. सिरोंच्याजवळ गोदावरीवर मेडिगड्ड्याचें धरण २०१९ सालीं सुरू झालें, व पूर्वींच्या नकाशांतील नदीकांठ तेथें बदलला. इंटरनेटवरील नकाशा आपोआप नवा होतो. खिशांतला होत नाहीं. म्हणून फाइलीच्या नांवांतच तारीख घालावी, व निदान पावसाळ्याच्या आधीं व नंतर अशी वर्षांतून दोनदां ती नवी करावी.

तसेंच जें जें मोजतां येतें तें तें सर्वांस दाखवावें असें नाहीं. केंद्र सरकारनें २०२१ च्या फेब्रुवारींत जे नियम केले, त्यांमुळें भारतीय नागरिकांस व संस्थांस नकाशे करण्यास पूर्वींप्रमाणें आगाऊ परवानगी लागत नाहीं. तथापि संवेदनशील स्थळांविषयीं बंधनें आहेतच. त्याखेरीज वाघिणीची गुहा, मधाचीं झाडें, दुर्मिळ औषधींची जागा, गांवाचें देवस्थान, यांची नोंद करण्यापूर्वीं ज्यांचें तें रान आहे त्या ग्रामसभेस विचारावें. अशा वस्तु वेगळ्या थरांत ठेविल्या म्हणजे गांवापुरती एक फाइल व बाहेरच्यांसाठीं दुसरी, अशा दोन सहज करतां येतात.

आमच्या विद्यार्थ्यांनीं हें सर्व समजण्यासाठीं संगणकाची वाट पाहूं नये. चौकटीची वही घ्यावी व आपल्या गांवाचा नकाशा चार पानांवर चार वेळां काढावा. पहिल्या पानावर सर्व गांव वहीच्या एकाच चौकटींत बसवावा, दुसऱ्यावर चार चौकटींत, तिसऱ्यावर सोळांत, चौथ्यावर चौसष्टांत. पहिल्या पानावर जागा इतकी थोडी असेल कीं दोन-तीन खुणांहून अधिक मावणार नाहींत. कोणत्या खुणा ठेवाव्या? पाटलाचा वाडा, बाजार, कीं पुरांत ओलांडतां न येणारा नाला आणि त्यापलीकडील पांच घरें? शेजारच्या मुलानें काय ठेविलें तें पाहावें, आजीस विचारावें, वाद घालावा. आपण एखादी खूण कां राखली याचें कारण ज्यास सांगतां येईल, त्यास उद्यां यंत्रास काय सांगावें हेंही कळेल. आणि त्यानें केलेला नकाशा घेऊन पावसाळ्यांत त्या पांच घरांकडे निघालेली परिचारिका तेथें पोहोंचेल.